वशिल्याचं बाळंतपण

माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण मी वशिला लावून करायला गेलो. चूक एवढीच. पुढं जे लिहितोय ते या चुकीनं धरलेलं बाळसं.

वशिल्याची सवय मला नोकरीनं लावली. मी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. ऊस लावला की त्याची नोंद होते आणि नोंदीच्या तारखेप्रमाणं तोडीचा नंबर लागतो. पण नुसतं नंबरावर बसून राहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो कुणाला तरी गाठतो, आणि तो कुणीतरी मला फोन करतो, "आपला माणूस हाय, जरा बघा." मी म्हणतो, "बघतो की." बघत काहीच नाही. बघण्यासारखं माझ्या हातात काही नसतंच. नंबर यायचा तेव्हाच येतो, पण माणूस मात्र समाधानानं घरी जातो आणि तोड आली की मला पेढे आणून देतो. असे पेढे मी दहा वर्षं खाल्ले. म्हणजे या खेळात आत काही नसतं, हे अख्ख्या तालुक्यात ज्याला पक्कं माहीत असायला पाहिजे होतं, तो माणूस मी. आणि बायकोचे दिवस भरत आल्यावर मीच फोन हातात घेऊन माणसं गाठायला निघालो.

बायकोचं माहेर शेळगाव. तिकडं त्यांचं डाळिंब आहे, थोडी ढोबळी मिरची आहे. पहिलं बाळंतपण माहेरचं, या रिवाजाप्रमाणं सातव्या महिन्यात चोळी-ओटी होऊन ती तिकडं गेली. दवाखान्याचं तिचं मनात ठरलेलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात झाली, आणि दोन्ही वेळेला माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, आत खाटेजवळ उभ्या होत्या. कळा सोसताना थोरलीनं त्यांच्या मनगटात नखं रुतवली होती. त्याचे वण मामी कधी दाखवत नाहीत, पण पीठ मळताना दिसतात.

"मला पण तेवढंच पायजे," बायको म्हणाली. "आईचं मनगाट."

"सरकारी दवाखान्यात जायचं?" मी म्हणालो.

"मग काय झालं? ताई गेली न्हाय?"

"तुझ्या ताईच्या नवऱ्यात आणि माझ्यात काही फरक हाय का न्हाय?"

"हाय की," ती म्हणाली. "ते गप बसत्यात."

मी गप बसलो नाही. बारामतीत एक खाजगी हॉस्पिटल आहे. नाव लिहीत नाही. भीती म्हणून नाही, फुकटची जाहिरात नको म्हणून. पुढून सगळी काच. आत शिरलं की गारवा, भिंतीवर निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या बाळाचं पोस्टर. असलं बाळ शेळगावात काय, आमच्या गावी कऱ्हाटीत काय, कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. पण ते पोस्टर बघूनच माझं मन भरलं. आठ दिवस मी बायकोच्या मागं लागलो. शेवटी ती म्हणाली, "चला तुमच्या काचंत. पण एक गोष्ट. कळा सुरू झाल्या की आई माझ्याजवळ पायजे. तेवढं आधी विचारून घ्या."

"झालंच समज."

"समजत न्हाय. विचारा."

मग मी कामाला लागलो. कारखान्याच्या आमच्या गटातल्या एका संचालकसाहेबांना गाठलं. त्या हॉस्पिटलला औषधं पुरवणारा एक दुकानदार ओळखीचा निघाला, त्याला चहा पाजला. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याला शाळेत शिकवलेले एक निवृत्त गुरुजी सापडले, त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो. तिघांनीही बाईंना फोन केले. तिघांनीही तेच सांगितलं, जे लोक मला सांगतात: आपला माणूस आहे, विशेष लक्ष द्या. कशाकडं लक्ष द्यायचं, हे मी तिघांपैकी एकालाही सांगितलं नाही. कळा सुरू झाल्यावर पेशंटच्या आईला आत सोडता का, हा प्रश्न काउंटरवरच्या मुलीला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याला वशिला लागत नव्हता, म्हणून तो मला सुचलाच नाही.

वशिल्याचं पहिलं फळ नवव्या महिन्याच्या तपासणीला मिळालं. बाकावर पंधरा-सोळा बाया टोकन घेऊन बसलेल्या. आम्ही काचेतून आत शिरलो तोच काउंटरवरची मुलगी उठली, "साहेबांचे ना तुम्ही? या." आणि सगळ्यांच्या पुढून आम्हाला आत घेतलं. माळेगाव बुद्रुकची एक बाई, दिवस आमच्यासारखेच भरत आलेले, सकाळपासून बसलेली होती. ती शेजारणीला ऐकू जाईल असं, म्हणजे मलाही ऐकू येईल असं म्हणाली, "आमी काय हितं बाकडी पुसायला आलोय व्हय?"

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. बायकोनं मान खाली घातली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "पुढच्या टायमाला मी टोकन घेणार." मग विचारलं, "आईचं विचारलं का?"

"तू कशाला काळजी करतेस? तीन फोन गेलेत."

"फोनचं न्हाय विचारलं," ती म्हणाली.

एका रविवारी सकाळी शेळगावात तिला कळा सुरू झाल्या. मी आदल्या दिवशीच गेलो होतो. मामींनी जुन्या साड्यांची धुतलेली दुपटी एका पिशवीत भरली, लेकीला अर्धा कप दूध पाजलं आणि आम्ही निघालो. गाळपाचा हंगाम. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून एक ट्रॅक्टर रस्ताभर चाललेला. मी हॉर्न दिला, मग संचालकसाहेबांना फोन लावला.

"ट्रॅक्टर बाजूला घ्यायला त्यांना सांगताय का?" बायकोनं मागून विचारलं. एक कळ येऊन गेलेली होती, आवाज बसलेला होता. मामी हसल्या नाहीत. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं मामींना थांबवलं. "मावशी, पेशंटबरोबर एकच नातेवाईक." मामींनी माझ्याकडं पाहिलं. काउंटरवरची मुलगी धावत आली, "सर, तुमचं नाव वरून आलेलं आहे. तुम्ही या. मावशींना बसू दे खाली."

त्या घडीला एक सरळ रस्ता होता. मी खाली बसायचं, मामींनी वर जायचं. तो मला दिसला नाही असं मी म्हणणार नाही. दिसला. पण नाव माझं वरून आलं होतं, आणि वरून आलेलं नाव जिन्याखाली बसवायचं म्हणजे कसंतरीच. मी मामींना म्हणालो, "तुमी बसा, मी पाच मिनिटांत करतो काहीतरी." त्यांनी दुपट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी वर गेलो.

वर कळा सुरू झालेल्या बायांची खोली होती. तीन खाटा, एक आया, भिंतीला घड्याळ. बायकोला मधली खाट मिळाली. पलीकडच्या खाटेवर ती माळेगावची बाई होती, तिचा नवरा दाराबाहेर होता आणि तिची सासू तिची कंबर चोळत उभी होती. बायकोनं ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात कळ आली आणि तिनं खाटेचा गज धरला.

तिथं समोर आया उभी होती. "बाई, हिच्या आईला वर घेऊ का?" एवढं तिला विचारायचं. मी बाहेर आलो आणि संचालकसाहेबांना फोन लावला. "साहेब, जरा मॅडमशी बोला की. सासूबाईंना आत सोडत नाहीत."

"आत्ता बोलतो," साहेब म्हणाले. आणि बोलले, त्यांचा दोष नाही. काय बोलले ते मला माहीत नाही, पण दहा मिनिटांत दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली आणि बायकोला त्या खोलीतून उचलून दुसऱ्या मजल्यावर, शेवटच्या स्पेशल रूममध्ये नेऊन ठेवलं. सोफा, टीव्ही, टोपलीत सफरचंदं. माणूस मात्र एकही नाही. कंबर चोळणारी सासू नाही, आया नाही, शेजारची ओरडणारी बाई नाही. मी नर्सला विचारलं, "आणि हिची आई?"

"सर, व्हीआयपी पेशंटला आम्ही कुणालाच भेटू देत नाही. इन्फेक्शन होतं. तुम्हीही बाहेर थांबा."

म्हणजे माझ्या एका फोननं बायको तिच्या आईपासून आणखी एक मजला वर गेली.

दुपारी साहेब स्वतः आले. पुष्पगुच्छ, बरोबर दोन कार्यकर्ते. रूमच्या बाहेर खुर्च्या मांडल्या गेल्या, चहा आला, बिस्किटं आली. साहेब माणूस म्हणून भले आहेत. त्यांनी पावसाचं, उसाच्या रिकव्हरीचं, पुढच्या निवडणुकीचं विचारलं. आतून बायकोचा आवाज येत होता. दार नीट लागलेलं नव्हतं. मग नर्सचा आवाज आला, दबक्या सुरातला. "मॅडम, जरा हळू ओरडा ना. बाहेर साहेब बसलेत."

हे मी ऐकलं. ऐकून मी साहेबांच्या पुढं बिस्किटांची बशी सरकवली.

आतला आवाज थांबला. त्यानंतर ती ओरडली नाही. मला वाटलं, कळा कमी झाल्या असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

पाऊण तासानं डॉक्टरीणबाई आल्या. साहेबांना नमस्कार केला, मग मला बाजूला घेतलं. "सिझर करून टाकू या."

"काही अडचण हाय का मॅडम?"

"अडचण नाही."

"बाळाचे ठोके?"

"ठोके उत्तम आहेत. संध्याकाळपर्यंत नॉर्मल होईलही कदाचित. पण तुमच्या केसमध्ये मी रिस्क घेणार नाही. एवढ्या लोकांनी सांगितलेलं आहे. थांबायचं कशाला?"

या बोलण्यात नकार द्यायला जागा होती की नाही, ते तुम्हीच बघा. ठोके उत्तम, संध्याकाळपर्यंत नॉर्मल. मी शेतकी खात्यातला माणूस, नोंदीत एक गुंठा इकडचा तिकडं झाला तरी शेतकऱ्याला तीन हेलपाटे घालायला लावतो. आणि इथं पाच पानांचा कागद पुढं आला तेव्हा मी विचारलं, "कुठं सही करू?" नर्सनं बोट ठेवलं तिथं तिथं केली. सगळा इंग्रजी कागद. वरच्या कोपऱ्यात पेशंटच्या नावाशेजारी पेन्सिलीनं मराठीत एक शब्द होता, तेवढा वाचला: 'साहेबांचे'.

बायकोला ढकलगाडीवरून बाहेर आणलं. साहेब अदबीनं उठून उभे राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आई कुठंय?"

"हाय की, खाली बसल्यात."

"तुमी विचारलं व्हतं का कुणाला? आधी?"

"आता ऑपरेशनला कुणालाच सोडत न्हाईत, आता विचारून..."

"आधी," ती म्हणाली. तिनं मान भिंतीकडं वळवली आणि गाडी गेली.

मुलगी झाली. हे मला साहेबांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आतून पहिला फोन त्यांना केला होता. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि फोनवरचा फोटो दाखवला. हिरव्या कपड्यात लाल लाल, डोळे मिटलेली. माझी मुलगी मी पहिल्यांदा बघितली ती दुसऱ्याच्या फोनवर, अंगठ्यानं मोठी करून. मी धावत खाली गेलो, मामींना सांगायला. त्या म्हणाल्या, "कळलं. साहेबांचा ड्रायव्हर सांगून गेला."

सकाळपासून त्या जिन्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. चहासुद्धा घेतला नव्हता. वॉचमन म्हणाला की दोनदा विचारलं, मावशी कँटीन मागं आहे, पण उठल्या नाहीत. मध्ये कुणी बोलवायला आलं आणि आपण जागेवर नसलो तर, म्हणून.

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली तेव्हा मामी वर आल्या. नात पाळण्यात होती. तिला नंतर बघितलं. आधी लेकीच्या पायांवरून हात फिरवला, पांघरूण नीट केलं, मग खाटेच्या कडेला टेकल्या. बायकोची भूल पुरती उतरली नव्हती. तिनं चाचपडत आईचं मनगट धरलं आणि धरूनच झोपली. उपयोगाच्या वेळेनंतर दोन तासांनी ते मनगट तिच्या हाती आलं. सहा वाजता नर्स आली, "मावशी, वेळ संपली." मामींनी एकेक बोट सोडवलं आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या आयेला जिन्यात गाठलं. माळेगावच्या बाईचं काय झालं, विचारलं.

"कवाच सुटली की. कालच, साडेपाचला. मुलगा. आज जातीय घरी."

"नवरा वर असताना तिची सासू आत कशी होती? एकच नातेवाईक ना?"

"मागच्या जिन्यानं मी आणत्ये समद्यांच्या आयांना, सासवांना. मॅडमला ठावं हाय, त्या काय बोलत न्हाईत. तुमच्या बी मावशीला आणली असती. पर तुमचं वरनं आल्यालं. तुमच्यात हात कोण घालंल?"

मग मी डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये गेलो. यावेळी फोन न करता गेलो, त्यामुळं चाळीस मिनिटं बसावं लागलं. मला भांडायचं होतं. घरून वाक्यं जुळवून आणली होती. तुम्ही माझ्या बायकोला चार भिंतींत एकटी टाकलीत. ओरडूसुद्धा दिलं नाहीत. गरज नसताना पोट कापलंत, तुमच्याच तोंडानं सांगून कापलंत. हे सगळं मी म्हणालो, फक्त बरंच हळू आणि शेवटी 'मॅडम' लावून.

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा. बाकीच्या बायांना मी थांबू देते. थांबवते, चालवते, त्यांच्या आया-सासवा असतात, रात्र काढतात, होतात नॉर्मल. तुमच्यासाठी तीन ठिकाणांहून फोन. काही वरखाली झालं असतं तर ते तिघं मला पुन्हा फोन करणार होते. मी कशाला ऐकून घेऊ? विशेष लक्ष द्या म्हणालात, दिलं."

"पण तिला तिची आई हवी होती."

"मग ते सांगायचं ना," बाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही." आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

या बाईंचा मला आजही राग आहे. धाकानं सुरी चालवणाऱ्या डॉक्टरचा राग येऊ नये तर कुणाचा यावा? बायकोचं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवरसुद्धा आधी साहेबांचंच नाव पडलं होतं, मामींनी ते बदलायला लावलं. ती काच, ते पोस्टर, ती 'हळू ओरडा' म्हणणारी नर्स, कुणालाच मी माफ केलेलं नाही. पण रागाची गाडी फिरवून फिरवून शेवटी ज्या दारात येऊन उभी राहते, ते दार माझंच आहे, त्यामुळं मोठ्यानं बोलता येत नाही.

पाचव्या दिवशी सोडलं. टाक्यांमुळं बायकोला सरळ उभं राहता येत नव्हतं. ती मामींच्या खांद्याला धरून, कमरेत वाकून चालत होती. मधल्या पाच दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी द्या. दिवा घालवा. आईला बोलवा. खाली हॉलमध्ये हॉस्पिटलवाल्यांनी गुलाबी फुगे बांधलेले, एक केक मांडलेला, आणि एक मुलगी मोबाईल उभा धरून तयार. ती म्हणाली, आमच्या पेजवर टाकायला दोन शब्द बोला, स्पेशल पेशंट आहात.

मला भाषणाचा नाद आहे. सवयीनं घसा खाकरला. "सर्वप्रथम मी साहेबांचे आणि संपूर्ण स्टाफचे..." असं सुरू झालंसुद्धा. इतकं सगळं होऊन माझ्या तोंडातून हेच बाहेर पडलं. वाक्य मध्येच तोडलं, पण मोबाईल चालूच होता. मग त्या मुलीनं तो बायकोकडं वळवला.

"मॅम, तुमचा डिलिव्हरीचा अनुभव कसा होता?"

बायकोनं मामींचा खांदा न सोडता माझ्याकडं हनुवटी केली.

"ह्यांनाच विचारा," ती म्हणाली. "बाळंतपण ह्यांचं व्हतं. मी नुसती कापून घ्यायला आले व्हते."